रविवारचा उपास

रविवारी उपास धरणारा ख्रिस्ती माणूस तुम्ही पाहिला नसेल. शेवगाव तालुक्यातल्या एका गावात अशी वीस-पंचवीस माणसं अजून आहेत. उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या की ती रविवारी दुपार टळेपर्यंत अन्नाला शिवत नाहीत. नवा पाळक आला की बुचकळ्यात पडतो. आमच्याकडे रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा वार, आनंदाचा. त्या दिवशी उपास धरणं म्हणजे लग्नघरी सुतकी तोंड करून बसण्यासारखं. तो विचारतो, ही रीत कुठली काढली? मंडळी सांगतात, आमच्या मास्तरांनी घालून दिली, बहात्तरच्या दुष्काळात. लई भक्तिवान मानूस हुता.

तो भक्तिवान माणूस मी.

या अंकाचे संपादक गेली दोन वर्षं 'तुमच्या कामातले अनुभव लिहा' म्हणून मागे लागले होते. मी टाळत होतो. बोलण्याचा माझा धंदा, पण स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की मी मुका. यंदा पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरू लागले. गुडघे हे आमच्या धंद्यातलं मुख्य हत्यार. तेच बोथट झालं, तेव्हा म्हटलं आता खरं सांगायला हरकत नाही.

आधी धंदा काय ते सांगतो, कारण पुष्कळांना पाळक म्हणजे पांढरा झगा आणि लग्न लावणं एवढंच माहीत असतं. मी शास्त्रवर्ग घ्यायचो. मोठ्या माणसांना बायबलमधलं एकेक पुस्तक अध्यायवार समजावून सांगायचं, मग त्यावर परीक्षा घ्यायची. माझ्या वाट्याला आलं 'प्रेषितांची कृत्ये'. येशू स्वर्गात गेल्यावर मागे राहिलेल्या मूठभर घाबरट माणसांची मंडळी कशी झाली, ती कशी भांडली, कशी पसरली, याची ती हकिकत. मला ती आवडायची, कारण तिच्यात कोणी पुरता शहाणा नाही.

मी मूळचा देवळाली प्रवऱ्याकडचा, बारमाही पाण्याचा. धर्मशिक्षणाच्या शाळेतून नुकता बाहेर पडलो होतो. ग्रीक अक्षरं मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणता येत. शेवगाव तालुक्यात त्यांचा उपयोग सायकलच्या घंटीइतकाही नव्हता. घंटी निदान शेळ्या बाजूला करते. वर्षभर या गावात काम करायचं, मंडळीच्या वडिलांनी 'माणूस बरा आहे' असं लिहून दिलं की नगरला दीक्षा, म्हणजे डोक्यावर हात ठेवून रीतसर पाळक करणार, असा रिवाज. राहुरीला एक मुलगी पाहून ठेवली होती. तिच्या वडिलांचं म्हणणं स्पष्ट होतं: "आधी दीक्षा, मग लग्न. उमेदवाराला मुलगी देत नाही."

आमच्याकडे 'वडील' म्हणजे बाप नव्हे, मंडळीतला कारभारी. आमचे वडील दानियल तात्या. पलटणीतून पेन्शनवर आलेले, सुभेदारकी केलेले. उन्हाळ्यातही पायात बूट. ते चालत आले की आधी बूट ऐकू यायचे आणि मग माझी छाती. माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. मुळात बोललेच थोडं. "मास्तर, टाइम काय झाला?" एवढंच विचारायचे, आणि मला वाटायचं आपण कुठेतरी उशीर केला.

त्या वर्षी शेतात कामच नव्हतं. सगळं गाव खडीवर. माळावर सरकारी काम निघालं होतं; बायाबाप्ये दिवसभर दगड फोडायचे, दुपारी जेवणाची सुट्टी. संध्याकाळच्या वर्गाला कोणात त्राण उरायचं नाही, म्हणून मी वर्गच माळावर नेला. दुपारच्या सुट्टीत, बाभळीखाली.

माझ्याकडे फ्लॅनेलचा फळा होता. लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड. कागदी चित्रांना मागे तसलंच कापड डकवलेलं, त्यामुळे चित्रं त्यावर आपोआप धरून राहतात. शाळेत राहायची. शेवगावच्या माळावरचा वारा निराळा. पेत्र आणि योहान हे येशूचे शिष्य मंदिराकडे निघाले, की दुसऱ्या मिनिटाला पेत्र बाभळीत. मग कोणीतरी चढून काट्यातून पेत्र काढायचा. "मास्तर, पेत्राला खिळा मारा येक," याकोबबाबा म्हणायचे.

हे याकोबबाबा माझे सर्वांत अवघड विद्यार्थी. त्यांना अंतरं लागायची. "यापोहून कैसरिया किती कोस?"

"असेल, शेवगावहून नगरइतकं."

"मंग त्यो दुसऱ्या दिशी कसा पोचला? चालत गेल्ता ना? की यष्टी हुती?"

मी म्हणायचो, आत्म्याचं बळ. मला ठाऊक नसलं की मी आत्म्याचं बळ म्हणायचो. त्या वर्षी आत्म्याला फार राबवलं.

दुसऱ्या मार्थामावशी. मंडळीतल्या विधवांना अन्न वाटण्यावरून कुरकुर झाली, म्हणून प्रेषितांनी सात चांगले पुरुष निवडून त्यांना वाढपाच्या कामावर नेमलं, असं सहाव्या अध्यायात आहे. हे मी मोठ्या गौरवानं सांगितलं. मावशींनी हातातली भाकरी खाली ठेवली.

"सात बाप्ये? वाढायला?"

"हो मावशी. आत्म्यानं भरलेले."

"आन भांडी कोनी घासली?"

बायका अशा हसल्या की मुकादम बघायला आला.

आणि एकदा तर पौल नावाच्या प्रेषिताचं भाषण इतकं लांबलं की खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपून खाली पडला, ती गोष्ट मी इतकी लांबवली की शिमोन नावाचा आमचा एक गडी खडीच्या ढिगावरून झोपेत घरंगळत थेट माझ्या फळ्याखाली आला. शास्त्रातला युतुख तिसऱ्या मजल्यावरून पडून मेला आणि पौलानं त्याला उठवला. आमचा शिमोन नुसता खरचटला, आणि उठून म्हणाला, "आमेन झालं का?"

असा माझा वर्ग. आता दुसऱ्या बाभळीचं सांगतो.

आमच्या मंडळीतले सगळे पूर्वीच्या महारवाड्यातले. मीही. ओढ्याच्या अंगाला दोर वळणारी पाच घरं होती, ती पूर्वीच्या मांगवाड्यातली. गावानं दोघांनाही वेशीबाहेर ठेवलं होतं, आणि वेशीबाहेर आम्ही आपली आणखी एक वेस बांधून ठेवली होती. आम्ही ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झाल्या, वेस तशीच. कोणी बोलायचं नाही. पाण्याचा रांजण आमचा निराळा, बाभूळ निराळी. मी त्यांच्याकडे कधी पाणी प्यायलो नव्हतो, आणि का प्यायलो नाही असं मला कोणी विचारलंही नव्हतं. आमच्यावर तेच झालं तेव्हा आम्ही देव बदलला. दुसऱ्यावर आम्ही केलं ते आमच्या ध्यानातच आलं नाही.

त्या पाच घरांना त्या साली कोणी विचारीना. विहिरी आटलेल्या, मोटेचा नाडा कोण घेणार? बैल छावणीत, दाव्याला गिऱ्हाईक नाही. तीही सगळी खडीवर. दुपारी ती दुसऱ्या बाभळीखाली बसायची आणि माझा आवाज तिथवर जायचा. हळूहळू मला दिसायला लागलं की त्यांची तोंडं माझ्याकडे असतात. एके दिवशी त्यांच्यातली गयाबाई उठून आली. उंच, काटक बाई. नवरा मागेच वारला होता, पण त्या पाच घरांत शब्द तिचा चालायचा.

"मास्तर, आमाला बी घ्या की तुमच्यात."

मला आनंद झाला. असा प्रसंग अहवालात लिहायला फार चांगला असतो. मी म्हणालो, "बाप्तिस्म्याची तयारी करावी लागेल. थोडं शिकावं लागेल."

"ते शिकू. आन पानी? पानी तर कोनीबी वतंल डोक्यावर, दुस्काळ सरल्यावर. माझं इचारनं येगळं हाय. आमच्या घरी जेवाल का?"

"म्हणजे?"

"म्हंजे भाकरी. हितं आमाला येसूची मान्सं म्हनून घ्याल, आन मंग नाताळाच्या पंगतीला कडंला बसवाल. तसलं असंल तर आमी हाय तिथं बरं हाय."

मी वडिलांशी बोलतो म्हणालो. तात्यांशी बोललो. ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "शिस्तीत होऊ द्या. घाई नको." मी त्याचा अर्थ 'नको' असा घेतला. माणूस भीत असला की त्याला सगळ्या वाक्यांत 'नको' ऐकू येतं.

आणि नेमका दहावा अध्याय आला.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पहिले विश्वासणारे सगळे यहूदी. परक्यांच्या ताटात ते जेवत नसत, विटाळ. तर पेत्र भर दुपारी यापो गावात एका घराच्या धाब्यावर प्रार्थनेला गेलेला असतो, खाली स्वयंपाक चाललेला, पोटात भूक. त्याला दृष्टान्त होतो: आभाळातून एक मोठी चादर उतरते, तिच्यात सगळी निषिद्ध जनावरं, आणि वाणी होते की ऊठ, खा. पेत्र म्हणतो, असलं मी कधी खाल्लं नाही. वाणी म्हणते, देवानं शुद्ध केलं ते तू अशुद्ध म्हणू नकोस. तोच खाली माणसं येतात: कर्नेल्य नावाच्या रोमन अंमलदाराचं बोलावणं. पेत्र जातो, त्या परक्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकतो, तिथे राहतो. मंडळीचं दार उघडलं ते तिथे.

मी त्या दिवशी जीव तोडून शिकवलं. चादरीत जनावरं डकवली. उंट जुन्या कॅलेंडरातून कापलेला होता.

"येवढी जनावरं आभाळातून उतरली," याकोबबाबा म्हणाले, "आन छावनीत माझ्या येका बैलाला जागा मिळंना."

"भुकेल्याला सपान जेवनाचंच पडनार," मार्थामावशी म्हणाल्या. "ह्यात काय नवल?"

"शंभर जवानांवरचा अंमलदार," मी पुढे सरकलो.

"शंभर म्हणजे कंपनी," मागून तात्या म्हणाले. "सुभेदार म्हणा."

तेवढ्यात दुसऱ्या बाभळीखालून गयाबाईचा आवाज आला. "मास्तर, मंग त्यो पेत्र जेवला का न्हाई शेवटी, त्या सुबेदाराकडं?"

"जेवला की! काही दिवस राहिलासुद्धा."

"आन तुमी?"

मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी खरा शूर होतो ते तेवढं अर्धं मिनिट. फळा समोर, चादर हातात, शंभरेक डोळे. मी म्हणालो, "येत्या रविवारी. उपासना झाल्यावर येतो जेवायला."

आमच्या बाभळीखाली सगळे पायांकडे बघू लागले. तात्या उठले, विजार झटकली. "शब्द दिलात मास्तर," म्हणाले आणि बूट वाजवत गेले. मला ती धमकी वाटली.

रविवार उजाडेपर्यंत माझं शौर्य निथळून गेलं होतं. उपासना संपली तरी मी फळा पुसत बसलो. फ्लॅनेलचा फळा पुसायचा नसतो. सगळे घरोघर गेल्याची खात्री झाल्यावर निघालो, तोही गल्लीतून नाही, ओढ्याच्या कोरड्या पात्रातून, शेळ्या चोरायला निघाल्यासारखा.

गयाबाईच्या घरी घोंगडी अंथरली होती. आढ्याला न विकलेले दोर टांगलेले. पाचही घरांची माणसं भिंतीशी दाटीनं उभी, आंघोळी केलेली. त्या दिवसांत आंघोळ म्हणजे काय ते ज्यानं दुष्काळ पाहिला त्यालाच कळेल. तिनं जर्मनची ताटली पुढे ठेवली. मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची तांबडी भाकरी, हुलग्याचं कढण, कांदा. आणि कडेला सुकडीचे दोन लाडू. सुकडी म्हणजे खडीवरच्या माणसांना मिळणारं ते भाजलेलं पीठ. ती कोणाला पोटभर मिळत नसे. ही कोणाच्या तोंडून काढून साठवली होती ते भिंतीशी उभ्या पोरांच्या डोळ्यांकडे बघून कळत होतं.

"घ्या मास्तर. ग्वाड मानून."

मी म्हणालो, आधी प्रार्थना करू.

इथे मला माझ्या धंद्याची एक खुबी सांगायला हवी. प्रार्थना हा वेळ काढण्याचा सर्वांत सभ्य मार्ग आहे. डोळे मिटलेले असतात, कोणी मध्ये बोलत नाही, आणि थांबायचं कधी हे आपल्या हातात. मी अन्नासाठी आभार मानले. पावसासाठी मागितलं. शेवगावासाठी मागितलं, मग पाथर्डी, नेवासा, राहुरी. तालुका तालुका करत जिल्हाभर फिरलो, अकोल्याकडे भंडारदऱ्याच्या धरणापर्यंत जाऊन आलो. एकही तहसील उपाशी ठेवली नाही. मला स्वतःला वाटत होतं की मी फार भावनेनं प्रार्थना करतो आहे. खरं म्हणजे माझा हात ताटलीकडे जाईना.

साधं 'आमेन' म्हणून भाकरी मोडली असती, तर पुढे जे झालं तेव्हा माझ्या तोंडात घास असता. तोंडात घास असलेल्या माणसाला खोटं बोलता येत नाही.

प्रार्थना परतीच्या वाटेवर, बहुतेक कोपरगावात होती, तेव्हा बूट ऐकू आले.

डोळे उघडले. दारात तात्या. त्यांच्या मागे दोन पाहुणे, शहरी कपड्यांतले, एकाच्या गळ्यात पांढरी पट्टी. मी ओळखलं: नगरहून आलेले, माझ्या दीक्षेचा निर्णय करणारे. मला राहुरीची मुलगी दिसली, तिचे वडील दिसले, दोघं पाठमोरे.

"चालू द्या मास्तर," तात्या म्हणाले.

आता काय सांगू? कोणी मला काही विचारलं नव्हतं. मीच उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "नाही नाही, तात्या. मी नुसता प्रार्थनेला आलो होतो. आज माझा उपास आहे."

"रविवारी?" पट्टीवाले पाहुणे म्हणाले.

"दुष्काळासाठी," मी म्हणालो.

ते पाहुणे माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. देवाशपथ सांगतो, भरून आले. "या वयात!" ते म्हणाले. "वारालासुद्धा जुमानत नाही." तात्या ताटलीकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं, आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "मग आपलाही उपासच समजा."

गयाबाई चुलीपासून उठली होती. हातात आणखी ताटल्या होत्या. त्या ती हळूच परत चुलीशी ठेवून आली. तिला राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "मंग आधी सांगायचं, मास्तर. उगा उनात चालवलं नसतं तुमाला." आणि माझी ताटली उचलून तिनं पोरांकडे सरकवली. ते लाडू कधी संपले ते मला दिसलंसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी तात्यांनी मंडळीत उभं राहून सांगितलं की मास्तर दुष्काळासाठी रविवारी उपास धरतात, आपणही धरावा. आणि लोकांनी धरला! आधीच अर्धपोटी माणसं, त्यांना मी रविवारी पूर्णपोटी उपाशी ठेवलं. मलाही धरावा लागला. मी उपासाचा माणूस नव्हे. ऊसवाल्या मुलखातला, दर तासाला काहीतरी चघळणारा. दुसऱ्याच रविवारी खोलीचं दार लोटून मूठभर शेंगदाणे तोंडात टाकले, तर मार्थामावशी दारात.

"मास्तर, त्वांड हलतंय."

"स्तोत्र म्हणतोय मावशी, मनातल्या मनात."

"मनात म्हनायचं तर दाढा कशाला हलत्यात?" असं म्हणून त्या गेल्या. कोणाला बोलल्या नाहीत. मोठ्या मनाच्या बाई. पण तेव्हापासून दर रविवारी मला बघून त्या स्तोत्र गुणगुणत.

माळावर दुसरी बाभूळ रिकामी झाली. गयाबाई आणि तिची माणसं दुपारी खडीच्या पलीकडच्या अंगाला, माझा आवाज पोचणार नाही इतक्या लांब, जाऊन बसू लागली. मी अकरावा अध्याय गाळला. त्यात पेत्र यरुशलेमेला परत येतो आणि तिथले लोक त्याला फैलावर घेतात, तू त्यांच्यात का जेवलास म्हणून. आणि तो सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो, हो, जेवलो. मी म्हटलं, वेळ कमी आहे, आपण पौलाकडे वळू. पौल बरा. तो सारखा प्रवासात असतो.

पण पौलही नडला. त्याच्या एका पत्रात अंत्युखियाची हकिकत आहे. हाच पेत्र, दृष्टान्त झालेला, त्या गावी परक्यांबरोबर मजेत जेवत असे. मग यरुशलेमेची काही मोठी माणसं आली आणि हा हळूच पंगतीतून सरकला. त्याचं बघून बाकीचेही सरकले. पौलानं त्याला तोंडावर ठणकावलं. शाळेत असताना यावर मी टिपण लिहिलं होतं, 'पेत्राच्या स्वभावातील दौर्बल्याची कारणे'. चांगले गुण मिळाले होते. पेत्राला मी त्यात अजिबात सोडलं नव्हतं.

दुष्काळ सरल्यावर माझी दीक्षा ठरली. माझ्या शिफारशीत तो उपासच पुढे होता, असं नंतर कळलं. त्या सकाळी नगरला, उपासनेआधी, तात्या मला बाजूला घेऊन गेले. चिंचेखाली उभे राहिलो. नेहमीसारखं "टाइम काय झाला?" विचारतील असं वाटलं.

"मास्तर, त्या दिवशी मी त्या दोघांना जेवायलाच घेऊन आलो होतो."

मला कळेना.

"गयाबाईला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. आणखी तीन ताटल्या कर म्हणून. वाटलं, वरचे दोघं आणि मी बसलो तर मंडळी पुढे काही बोलू शकणार नाही. शिस्तीत होईल. तुम्ही तर आधीच शब्द दिला होता."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. चोर तो मी, आणि वर आवाजही माझाच.

"पाळक उपाशी आणि वडील जेवतायत, कसं दिसतं?" सुभेदारकी केलेला माणूस बुटाच्या टोकानं माती उकरत होता. "आणि खरं सांगू? मलाही बरं वाटलं. घरात बायकोशी भांडून, जीव मुठीत धरून आलो होतो मी. तुम्ही वाट काढून दिलीत. आता परत तेवढी हिंमत गोळा करायची म्हणजे... बघा. तुमचं वय आहे."

आत घंटा झाली. मी जाऊन गुडघे टेकले. माझ्या डोक्यावर हात ठेवले गेले, त्यात तात्यांचाही एक होता. जड होता. सगळे म्हणाले, किती विनम्रपणे मान खाली घातली होती त्यानं.

लग्न झालं. त्या हिवाळ्यात बायकोला घेऊन देवळालीला आलो तेव्हा कळलं की गयाबाईची पाचही घरं ऊसतोडीला इकडेच, कारखान्याच्या तळावर उतरली आहेत. मी रात्रभर मनाशी वाक्यं जुळवली आणि सकाळी सायकल काढली. तळावर कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटाची खोपटं, गाड्या, बैल, धूर. ती चुलीशी होती. मला बघून उभी राहिली, पदर सारखा केला.

"सलाम, पाळकसायेब," ती म्हणाली. आमच्यात असाच नमस्कार करतात. तिनं तो आमच्याच बाभळीकडे बघून उचलला असणार. "झालं म्हनं तुमचं लगीन. बाई बरी हाय का?"

"बरी आहे."

"बसा की."

मी बसलो नाही. जुळवलेलं एकही वाक्य येईना. एवढंच म्हणालो, "गयाबाई, मी जेवायला आलोय."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग आजूबाजूला बघितलं. शेजारच्या कोपीपाशी कारखान्याचा स्लिपबॉय, तोडीच्या चिठ्ठ्या देणारा, सायकल टेकवून उभा होता, दोन गाडीवान तंबाखू मळत होते. देवळाली माझं गाव; त्यातले कोणी मला ओळखत असतील, नसतील. तिनं भाकरी तव्यावरून काढली, वर लसणाची चटणी ठेवली, एका स्वच्छ फडक्यात बांधली आणि पुढे केली.

"हितं मान्सं येत्यात-जात्यात," ती आवाज खाली आणून म्हणाली. "तुमाला अवघड व्हईल. वाटंत खावा."

टोमणा नव्हता. टोमणे मला ओळखता येतात, माझा तो व्यवसाय आहे. ती खरोखर माझी काळजी घेत होती. माझ्यासारख्या माणसाला कसं जेवू घालायचं, ते तिनं शोधून काढलं होतं.

'नाही, मी इथंच बसतो.' एवढंच म्हणायचं होतं. मांडी घालायची आणि फडकं सोडायचं. तात्यांचे बूट नव्हते, नगरचे पाहुणे नव्हते, दीक्षा झाली होती, लग्न झालं होतं. मला कोणाची भीती उरली नव्हती. तरी मी फडकं घेतलं. आणि घेताना मला हायसं वाटलं. आजवर कोणाला सांगितलं नाही ते हे. उपासाचं खोटं मी बायकोला मागेच हसत हसत सांगून टाकलं होतं. त्या हायसं वाटण्याचं नाही सांगितलं.

पुलाच्या अलीकडे पाटाच्या कडेला सायकल आडवी टाकून मी ती भाकरी खाल्ली. गरम होती अजून. भाकरी बाजरीची होती, कडेला तव्याचा जरा जास्त डाग पडलेली, आणि इतकी चांगली झाली होती की मी शेवटचा तुकडा फडक्याला लागलेल्या चटणीवर पुसून खाल्ला. मग ते फडकं पाटात धुतलं, पिळलं, हँडलला बांधलं. घरी पोचेपर्यंत वाळलं. परत द्यायला मी गेलो नाही.